डाळीचं पीठ, दही आणि चिमूटभर सोडा

आमच्या साताऱ्याच्या घरातल्या फ्रिजचा मधला कप्पा दीड वर्ष खाण्याच्या कामाचा नव्हता. एका वाटीत दुधात भिजवलेली मसूर डाळ, दुसरीत बटाट्याचा काळा पडलेला रस, तिसरीत साय आणि हळद, बशीत अर्धं पिळलेलं लिंबू, आणि कोरफडीचं एक कापलेलं पान, ज्यातून पिवळा चिकट रस गळून खालच्या भाजीच्या डब्यात जायचा. माझा नवरा सैन्यात आहे, वर्षातून दोनदा सुट्टीवर येतो. तो फ्रिज उघडून उभा राहायचा आणि विचारायचा, "यातलं खायचं कुठलं आणि फासायचं कुठलं?" दोनदा येणाऱ्या माणसाला विनोद सुचतात. मला सुचत नव्हते. मी म्हणायचे, "पाण्याची बाटली घ्या आणि दार लावा, गार हवा जातीय सगळी."

हा सगळा पसारा आमच्या मुलीच्या गालांसाठी होता. ती नववीत गेली आणि दोन महिन्यांत तिच्या कपाळावर, गालांवर, हनुवटीवर मुरमं उठली. एखाददुसरं नव्हे. लाल, टपोरी, दुखणारी. कुशीवर झोपली की गाल उशीला टेकायचा आणि ती जागी व्हायची. एक बसलं की त्याच्या शेजारी दुसरं यायचं, आणि बसलेलं मागे काळा डाग ठेवून जायचं.

मला तिच्या वयात एकही फोड आला नव्हता. याचं श्रेय मी काहीही पुरावा नसताना माझ्या आईच्या डाळीच्या पिठाला देत आले. माझं माहेर तासगाव तालुक्यातलं, द्राक्षाच्या बागेतलं. रविवारी आई आम्हा भावंडांना ओळीने बसवायची, डाळीचं पीठ आणि दही कालवून अंगाला चोळायची आणि खसाखसा धुवायची. माझी कातडी चांगली राहिली ती त्यामुळे, असं माझं ठाम मत होतं. भावालाही तेच पीठ चोळलेलं आणि त्याचा चेहरा सबंध कॉलेजभर फोडांनी भरलेला होता, हे मला कधी आठवलं नाही. आठवायचं नव्हतं, असं म्हटलं पाहिजे.

आणखी एक गोष्ट आताच सांगून टाकते. मी शिक्षिका आहे. साताऱ्याहून रोज एसटीने कोरेगावला जाते आणि सहावी-सातवीला विज्ञान शिकवते. तेव्हा पुढे मी जे केलं ते अडाणीपणाने केलं, असं म्हणून कुणी मला सोडून देऊ नये. शिकलेल्या, पगारदार, रोज वर्तमानपत्र वाचणाऱ्या बाईने ते केलं.

शाळेतल्या एका बाईंनी मला सुरुवातीलाच सांगितलं होतं, "अहो, एकदा कातडीच्या डॉक्टरला दाखवा की. माझ्या भाचीचं असंच होतं." मी त्यांना मधल्या सुट्टीत पंधरा मिनिटं ऐकवलं. डॉक्टर कसली कसली मलमं देतात, त्याने कातडी पातळ होते, मलम बंद केलं की दुप्पट येतं, घरात सगळं असताना केमिकल कशाला फासायचं. माझा आवाज वर्गातला, त्यामुळे सगळा स्टाफ ऐकत होता. त्या बाईंनी गुपचूप डबा उघडला आणि परत तो विषय काढला नाही.

मग माझे प्रयोग सुरू झाले. रविवारची सकाळ ठरलेली. गॅसच्या ओट्याजवळ खुर्ची ठेवायची, मुलीचे केस टॉवेलात गुंडाळायचे, मान मागे टाकून डोळे मिटून तिने बसायचं आणि मी मोबाइल ओट्यावर उभा करून त्यातल्या बाईने सांगितलं तसं वाटीत कालवायचं. त्या बाईच्या गालावर माशी बसली तर घसरेल इतका तो गुळगुळीत. मसूर डाळीने तिची कातडी ओढली जायची. बटाट्याने काहीच व्हायचं नाही. टोमॅटोने खाज सुटली. मध लावला तर केस चिकटले आणि कानाशी मुंग्या आल्या. सायीने तर मुरमं दुपटीने वाढली, तेव्हा मी म्हटलं, आतलं सगळं बाहेर पडतंय, पडू दे. असं कोण म्हणालं होतं मला? कुणीच नाही. माझं मीच ठरवलेलं.

लिंबाचा किस्सा आठवला की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. लिंबाचा रस लावून, वरवर धुऊन, मी तिला भर दुपारी सायकलवर शिकवणीला पाठवलं. आठवड्याभरात गालांवर पाण्याच्या ओघळासारखे काळे पट्टे उठले. ते घालवायला मी आईकडून हळद मागवली. माहेरची हळद, घरच्या रानातली, घरात उकडून वाळवून दळून आणलेली. भाजीत अर्धा चमचा टाकला तर डाव पिवळा होतो. मी दोन चमचे दह्यात कालवले. मुलगी चार दिवस पिवळीधमक होऊन शाळेत गेली. वर्गात पोरी तिला विचारायच्या, "काय गं, तारीख कधीची? आम्हाला जेवायला बोलवणार का?" ती घरी येऊन हसत सांगायची. मीही हसले. ती हसतेय म्हणजे तिला काही वाटत नाही, असं मी धरून चालले.

ती कधीच नको म्हणाली नाही, हे मला आज सगळ्यात जास्त खुपतं. खुर्ची ठेवली की येऊन बसायची. झोंबलं तर पाय आवळून धरायची. मी म्हणायचे, "शहाणी गं माझी," आणि आणखी एक थर द्यायचे.

दहावीच्या वर्षी स्कार्फ आला. आमच्याकडे गाडीवर, सायकलवर जाणाऱ्या सगळ्याच पोरी ऊन-धुळीसाठी तोंडाला स्कार्फ बांधतात, त्यामुळे मला वेगळं काही वाटलं नाही. मग ती कोपऱ्यावरच्या दुकानात दूध आणायला जातानाही बांधायला लागली. मग गॅलरीत कपडे वाळत घालताना. मग घरात. पंख्याखाली बसून तोंडाला स्कार्फ बांधून भूमिती सोडवणारी मुलगी बघून मी वैतागायचे. "अगं घामाने आणखी येतील, काढ ते फडकं!" ती म्हणायची, "मला नाही येत घाम." जेवताना हनुवटीखाली ओढायची आणि भिंतीकडच्या खुर्चीत बसायची. वडिलांचा व्हिडिओ कॉल आला की फोन छताकडे धरायची. "अगं, पंखा कशाला दाखवतीस मला, तू कुठं आहेस?" ते विचारायचे आणि ती म्हणायची, "नेट नीट नाही बाबा."

तिचा उघडा चेहरा मला दिसायचा तो फक्त रविवारी, लेप लावताना. इतकं साधं होतं. माझी मुलगी मला तोंड दाखवेनाशी झाली होती आणि मी त्या तोंडाचे डाग घालवायच्या मागे होते. मला ते दिसत नव्हतं असं नाही. दिसायचं आणि राग यायचा. तिचा, मुरमांचा, मोबाइलमधल्या त्या गुळगुळीत बाईचा. राग आला की मी पुढच्या रविवारचं साहित्य आणायला मंडईत जायचे.

तिची दहावीची परीक्षा झाली आणि विट्याहून नणंदेचा फोन आला. तिच्या सासरची माणसं सोनं गाळायच्या धंद्यात, दक्षिणेतल्या एका शहरात त्यांचं गलाईचं दुकान. लग्नकार्याला मात्र सगळे गावी येतात. तिच्या थोरल्या मुलाचं लग्न मे महिन्यात धरलं होतं. नणंदेला दोन्ही मुलगेच, त्यामुळे करवली आमचीच मुलगी. हे तिच्या जन्मापासून ठरलेलं होतं म्हटलं तरी चालेल.

"वहिनी, साडी मी घेतलीय तिला, पैठणी," नणंद म्हणाली. "पन तिच्या तोंडाचं कायतरी बगा की आता. फोटोवाला पुण्यावरनं येनार हाय. करवली सगळ्या फोटोत असती."

"बघतीय मी, ताई," मी म्हटलं.

"वरीसभर तेच ऐकतीय मी तुमचं."

फोन ठेवला आणि मी एक कप आपटला. तिला काय ऐकवायला हवं होतं ते सगळं मला भांडी घासताना सुचलं. पण मी नणंदेला काही बोलले नाही. मी ठरवलं, लग्नापर्यंत पोरीचा चेहरा स्वच्छ करून दाखवायचा. म्हणजे नणंदेला दाखवायचा. मुलगी पलीकडच्या खोलीत स्कार्फ बांधून बसली होती आणि फोन स्पीकरवर होता.

मे लागला तशा आम्ही दोघी माहेरी गेलो. तिथे बेदाण्याचा हंगाम शेवटाला आलेला. आमच्या भागात द्राक्षं नुसती वाळत घालत नाहीत. एका पांढऱ्या पावडरच्या आणि तेलाच्या पाण्यात ती बुडवून काढतात आणि मग शेडमधल्या जाळ्यांवर पसरतात. त्या पाण्याने सालीला बारीक भेगा पडतात, आतलं पाणी सुटतं आणि घड पंधरा दिवसांत वाळतात. ही पावडर हवेला उघडी राहिली की तिला पाणी सुटून तिचे खडे होतात. म्हणून माझा भाऊ हंगाम संपताना उरलेली पावडर शेडवर ठेवत नाही, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरून घरात आणून ठेवतो. घरात म्हणजे स्वयंपाकघरात. फळीवर. बाकीच्या डब्यांच्या ओळीत. हे मी लग्नाआधीपासून बघत आलेय. आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे की त्या टोकाच्या डब्याला हात लावायचा नाही. पण माझ्या लग्नानंतर फळ्या बदलल्या, डबे बदलले, टोकाचा डबा मधे आला. आणि मला मात्र वाटत होतं, हे माझंच स्वयंपाकघर आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई, भाऊ, वहिनी सगळे शेडवर गेले. बायका बेदाणा झाडायला आलेल्या. घरात आम्ही दोघीच. मोबाइलमधल्या बाईने नवीन लेप सांगितला होता, डाळीचं पीठ, दही आणि चिमूटभर खायचा सोडा, त्याने म्हणे कातडीची बंद झालेली भोकं उघडतात. मी फळीवरचा डबा काढला. पांढरी पावडर, थोडे खडे. वाटलं, सोडा दमट झालाय. चिमूटभर घेतला. मग मनात म्हटलं, दीड वर्ष चिमटी चिमटीने काय झालं? लग्न दहा दिवसांवर आलंय. आणि चमचाभर घातला.

दह्यात पडल्याबरोबर तो फसफसला. मी मुलीला वाटी दाखवली आणि वर्गात सांगते तशी म्हटलं, "बघ, कार्बन डायऑक्साइड." ती म्हणाली, "दहावी झाली माझी, आई." आम्ही दोघी हसलो. मग तिने स्कार्फ सोडला, खुर्चीत बसली, डोळे मिटले. मी दोन्ही गालांवर आणि हनुवटीवर जाड थर दिला.

"आई, झोंबतंय."

"झोंबणारच."

तिने पाय आवळून धरले. मग म्हणाली, "आई, खूप जळतंय गं."

"जळतंय म्हणजे काम करतंय. पाच मिनिटं थांब."

मी हे शब्द उच्चारले. सातवीच्या पोरांना आम्लारी शिकवताना मी फळ्यावर लिहिते, तीव्र आम्लारीने त्वचा भाजते, हात लावू नये. तेच हात धुऊन मी ओट्यावर मोबाइलमधला पुढचा व्हिडिओ बघत होते. मुलीने खुर्चीच्या कडा धरल्या होत्या. तिच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते लेपावरून ओघळत होतं. मी म्हटलं, "रडू नकोस, लेप निघतोय." पुन्हा विचारायची तिची हिंमत झाली नाही. की तिला माहीत होतं की विचारून उपयोग नाही? मी अजून ठरवू शकले नाही.

बायकांच्या चहासाठी दूध न्यायला आई घरात आली. तिने ओट्यावरचा उघडा डबा बघितला आणि चरवी तिथंच टाकली.

"ह्यो डबा कुनी काडला?"

"सोड्यासाठी मी..."

"आगं सोडा कुटला! शेडवरचं हाय ते, बेदान्याचं! पोरीच्या तोंडाला लावलंस व्हय तू?"

तिने मुलीला दंडाला धरून उठवलं, मागच्या दारी नेलं, मोटारीचा पाइप तिच्या तोंडावर धरला आणि कितीतरी वेळ पाणी सोडत राहिली. पीठ वाहून गेलं तसे खालचे गाल दिसायला लागले. लाल नव्हते ते. काही ठिकाणी कातडी ओल्या कागदासारखी सुटली होती. आई म्हणाली, "त्येनं द्राक्षाची साल फाटती गं. गाल हायती हे लेकराचं." एवढं बोलून ती रडायला लागली.

मग आमच्या घरात जे झालं ते लिहितानाही लाज वाटते. भाऊ शेडवरून धावत आला आणि आईवर ओरडला, की डब्यावर चिठ्ठी लाव म्हणून कितीदा सांगितलं. आई त्याच्यावर ओरडली, "विष घरात आनायचं आनि चिट्टी मी लावायची व्हय? मला लिवायला येतंय का?" मी दोघांवर ओरडले, की स्वयंपाकघरात असलं ठेवतं का कुणी. वहिनी म्हणाली, ताईंनी विचारायला नको होतं का. यावर मी वहिनीलाही सोडलं नाही. आम्ही चौघं अंगणात एकमेकांवर तुटून पडलो होतो आणि मुलगी पाइपाखाली वाकून एकटी तोंडावर पाणी घेत होती. तिनेच पाइप खाली ठेवला आणि म्हणाली, "मला डॉक्टरकडे न्या."

दीड वर्षात तिने स्वतःसाठी मागितलेली ही पहिली गोष्ट.

भावाने गाडी काढली. सांगलीला कातडीच्या डॉक्टर बाई आहेत, त्यांच्याकडे गेलो. मुलीने तोंडावर ओलं सुती फडकं धरलं होतं, स्कार्फ बांधता येत नव्हता. आत गेल्यावर डॉक्टरांनी फडकं बाजूला केलं, दिव्याखाली बघितलं आणि विचारलं, "काय लावलं होतं?"

मी तोंड उघडायच्या आत मुलगी म्हणाली, "बेदाण्याची पावडर. सोडा समजून. मीच लावली, मोबाइलवर बघून."

डॉक्टर तिच्यावर चिडल्या. या वयात अक्कल गहाण टाकता का तुम्ही मुली, मोबाइलमध्ये दाखवलं की फासायचं का काहीही. मुलगी मान खाली घालून ऐकत होती. मग त्या माझ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही आई आहात ना? लक्ष नको का ठेवायला?"

मी मान हलवली. म्हटलं, "हो, चुकलंच. लक्ष ठेवायला हवं होतं."

एवढंच. शेजारी माझी मुलगी माझ्या वाटची बोलणी खात होती आणि मी समजूतदार आईसारखी मान हलवली. डॉक्टरांनी मलम दिलं, उन्हात जायचं नाही म्हणाल्या, आणि घरातलं काहीही, हळद नाही, दही नाही, साय नाही, काहीही तोंडाला लावायचं नाही असं दोनदा सांगितलं. भाजलेलं भरलं की मुरमांचं औषध सुरू करू. "काही महिन्यांत चांगला फरक पडतो याला," त्या म्हणाल्या. "दीड वर्ष थांबलात कशाला?"

दुसऱ्या दिवशी मी तिला विचारलं, "खोटं का बोललीस?" ती मलम लावत होती, माझ्याकडे पाठ करून. "तू रडायला लागली असतीस," ती म्हणाली. "मग मामा, डॉक्टर सगळे तुलाच समजावत बसले असते. मला माझं तोंड दाखवायचं होतं."

लग्नाला ती गेली. जाऊ नको म्हटलं तर म्हणाली, "करवली मी आहे. दुसरी कुठून आणतील?" गालांवर तपकिरी पोपडे धरलेले होते, मधे मधे गुलाबी नवी कातडी. स्कार्फ घरीच ठेवला होता, कारण कापड घासलं की आग व्हायची. नणंदेने तोंड रंगवणाऱ्या बाईला बोलावून ठेवलं होतं. मुलगी तिला म्हणाली, "डॉक्टरांनी काही लावायचं नाही सांगितलंय," आणि साडी नेसून नवऱ्या मुलाच्या मागे जाऊन उभी राहिली. नणंद माझ्याकडे अशी बघत होती, जणू मीच तिचा फोटो नासवला. तो मीच नासवला होता, पण तिला वाटत होतं तसा नाही.

हळदीच्या वेळी बायका एकमेकींना माखत होत्या. नणंदेची एक जाऊ हाताला हळद घेऊन हसत हसत मुलीच्या गालाकडे निघाली. मी मधे घुसून तिचं मनगट धरलं आणि ओरडले, "तिला लावायचं नाही!" मांडवातली हलगी वाजायची थांबली नाही, पण बायका थांबल्या. ती जाऊ म्हणाली, "आवं, हळद हाय, विष न्हाई." नणंद दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी तेव्हा वेळेवर ओरडले, असं मला वाटलं. मुलीने वळूनही बघितलं नाही. ती पुढे जाऊन कऱ्हा उचलून उभी राहिली होती.

जूनच्या शेवटी पुन्हा सांगलीला गेलो. भाजलेलं भरत आलं होतं, डाग होते, ते राहणार होते काही दिवस. दारावर नाव पुकारलं तेव्हा मी उठले, तर मुलगी म्हणाली, "तू बस. मी जाऊन येते." मी बाकावर बसले. समोरच्या भिंतीवर चकचकीत गालांच्या बायकांची चित्रं होती. वीस मिनिटांनी ती कागद घेऊन बाहेर आली आणि औषधाच्या खिडकीकडे गेली. मी तेवढ्यात आत घुसले. पुढचा पेशंट दारात उभा होता, त्याला म्हटलं, एकच मिनिट.

"डॉक्टर, ते तिने नव्हतं लावलं. मी लावलं होतं."

त्यांनी लिहिता लिहिता मान वर केली. "बाई, मला ते पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"कसं?"

"स्वतःच्या हाताने लावणारं माणूस आग व्हायला लागली की धुऊन टाकतं," त्या म्हणाल्या. "एवढं भाजेपर्यंत कुणी आपणहून बसत नाही. बस म्हणून सांगितलेलं असतं कुणीतरी." आणि त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

मुलगी पायरीवर चपला घालून उभी होती, औषधाची पिशवी हातात. "इतका वेळ काय करत होतीस?" तिने विचारलं.

"सांगून आले त्यांना. मी लावलं होतं म्हणून."

"मग?"

"त्यांना माहीत होतं."

आम्ही स्टँडच्या दिशेने चालायला लागलो. मी म्हटलं, "माझं चुकलं गं. जळतंय म्हणालीस तेव्हाच उठवायला हवं होतं तुला." ती म्हणाली, "असू दे." रस्त्यावर वारा होता. तिच्या केसांची एक बट उडून गालावरच्या मलमाला चिकटली. ती काढायला मी हात पुढे केला आणि तिने झटकन मान मागे घेतली.

आम्ही दोघीही थांबलो. माझा हात तसाच वर राहिला.

"मुद्दाम नाही गं, आई," ती म्हणाली. "आपोआप होतं."